भोकाच्या वाटीचा तपास

मु. पळसपार, ता. सडक अर्जुनी, जि. गोंदिया
गुरुवार, दुपार

आदरणीय व्याही श्री. इंद्रकुमारजी यांना आणि सौ. विहीणबाईंना पळसपारहून मनीरामचा नमस्कार. कंबर जेवढी वाकते तेवढी वाकवून केला आहे, उरलेला मनाने पूर्ण झाला असे समजावे. आपली साखर आता कुठपर्यंत आली? मागे आपण कारल्याचा रस सुरू केला होता तो चालू आहे की बंद केला? बंद केला असेल तर डॉक्टरला सांगितले का? न सांगता बंद करू नये. विहीणबाईंच्या टाचेचे दुखणे, जावईबापूंची खोकल्याची तक्रार आणि आपली गाभण म्हैस, या तिघांची मला रोज आठवण येते. आमची रविता भाजीत मीठ जास्त टाकते, ते सांभाळून घ्यावे. इकडे सर्व ठीक आहे. (ठीक नाही. पण पत्राच्या सुरुवातीला तसे लिहायचे असते असे आम्हाला चौथीत शिकवले होते, आणि चौथीनंतर मी शिकलो नाही.)

फोन न करता पत्र का लिहिले, असे आपल्या मनात येईल. तर फोन आपल्या घरी ओट्यावर असतो आणि मोठ्याने बोलतो. मागच्या वेळी मी माझ्या पोटाची तक्रार सांगितली तर पलीकडून चारजणांनी चार औषधे सांगितली, त्यातला एकजण तर दूध घ्यायला आलेला होता. आजची गोष्ट अशी आहे की ती आधी आपण एकट्याने वाचावी, मग वाटले तर विहीणबाईंना वाचून दाखवावी. वाचून दाखवताना कुठे थांबायचे ते आपल्याला समजेलच. मला ते लिहून दाखवता येत नाही.

आपल्या आमगावकडे नहराचे पाणी, म्हणून आमच्या तलावाची रीत आधी सांगतो. आमचा तलाव जुन्या लोकांनी बांधलेला. त्याच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, एक तुडुम आहे, म्हणजे पाणी सोडायची दगडी मोरी. उन्हाळी धानाला त्यातून पाणी सोडतात आणि ते पाळीपाळीने प्रत्येकाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, नेतात. हे काम पाणकराचे. आमचे पाणकर भोजराज, माझ्याच वयाचे, त्यांच्या बापाकडे आणि त्याच्याही बापाकडे हेच काम होते. आता कोणाला किती पाणी, हे ठरवायला एक काशाची वाटी आहे. तिच्या तळाला सुईच्या टोकाएवढे भोक आहे. घमेल्यात पाणी भरायचे, वर ही वाटी सोडायची. भोकातून पाणी आत चढते आणि वाटी बुडते. बुडली की एकाची पाळी संपली. मोबाईलवर वेळ लावून पाहा असे पोरांनी सांगितले होते. पण मोबाईल लावला की मी उशिरा सुरू केला, तू आधी बंद केला, असे सुरू होते. वाटीशी कोणी भांडत नाही. ती बुडताना सगळ्यांना दिसते.

याच वाटीवर आमच्याकडे जुन्या घरांत लग्नाचा मुहूर्तही धरतात. पाणकराकडून वाटी मागून आणायची, मांडवात पाण्यात सोडायची, बुडली की अंतरपाट काढायचा. हे मी आपल्याला उगाच सांगत नाही.

तर जानेवारीच्या शेवटी तुडुम उघडायची वेळ आली आणि भोजराजांनी सांगितले की वाटी नाही. कुठे गेली? माहीत नाही. शेवटी कोणी नेली? आठवत नाही. आता भोजराजांना सन बाहत्तर साली कोणाच्या बांधीत किती पाणी गेले ते आठवते. त्यांना वाटी आठवत नाही हे गावाला पटले नाही. काशाचे भांडे जुने, वजनाचे, हल्ली अशा वस्तू शहरातले लोक दिवाणखान्यात टांगतात. त्यांनीच विकली असे लोक आधी हळू बोलले, मग त्यांच्या देखत बोलले. पाणकरी त्यांच्याकडून काढून घ्यायची की नाही, ते येत्या रविवारी पाळीवरच्या बैठकीत ठरायचे आहे. तोपर्यंत तपास करायला तंटामुक्ती समितीने दोघांना नेमले. एक आमच्या पोलीस पाटील चेतनाबाई. (पस्तिशीची बाई आहे. स्कूटी चालवते आणि बोलताना समोरच्याला बसायला सांगत नाही.) दुसरा मी. मला का नेमले, तर मी समितीचा अध्यक्ष आहे, आणि सौ. सुखवंताचे म्हणणे असे की घरी बसून काळजी करतोच, ती गावाच्या कामी तरी यावी.

तपास मी मनापासून केला, हे आपण लक्षात घ्या. मागच्या दोन वर्षांत लग्नासाठी वाटी नेलेल्या घरांची यादी केली. चार घरे निघाली. त्या चारही घरांचे माळे मी शिडी लावून पाहिले. वाटी मिळाली नाही. एका घरी आमची परात मिळाली आणि दुसऱ्या घरी समजले की तपासासाठी शेजारून मागून आणलेली शिडीही आमचीच. (ती पाच वर्षांपूर्वी आमच्याच घरून गेली होती. मी ओळखली नाही.) चेतनाबाईंनी शाळेतल्या मॅडमकडून वाटीचे चित्र काढून घेतले आणि मोबाईलवर तालुकाभर पाठवले. ते चित्र पाहून तीन जणांनी नारळाच्या करवंट्यांचे फोटो पाठवले.

यादीत पाचवे घर होते. ते मी लिहिले नाही. आपण म्हणाल, मुद्दाम. तसे नाही. आमच्या रविताच्या लग्नात (मागच्या मे महिन्यात, तुडुम बंद झाल्यावर) मीच वाटीचा हट्ट धरला होता हे मला चांगले आठवत होते. पण लग्नानंतर मी स्वतः भोजराजांच्या हातात वाटी परत दिली आणि त्यांच्या घरी लाल चहा घेतला, हेही तेवढेच पक्के आठवत होते. म्हणून आमचे घर मी तपासातून पहिल्याच दिवशी मोकळे केले. आणि भोजराजांना तीन वेळा बोलावून विचारले. तिसऱ्या वेळी त्यांना बसायला चटई दिली नाही. ते मला आता रोज आठवते.

मागच्या शुक्रवारी पोस्टाने एक पाकीट आले. वर "तपास करनेवाले, पळसपार" एवढाच पत्ता. आत लाल शाईने अर्धे मराठी, अर्धे हिंदी लिहिलेले, की जी वस्तू तुम्ही शोधून राहिले ती माझ्याजवळ आहे. मंगळवारी अकरा वाजता कोहमाऱ्याच्या चौकात, मोठ्या ढाब्याच्या मागे या. जुन्या सामानाचे दुकान आहे. तपासवाले दोघेच या, गावातला तिसरा माणूस नको. जेवण इथेच. खाली नाव नाही. मला त्यातले "तिसरा माणूस नको" हे आवडले नाही, पण "जेवण इथेच" हे त्याहून आवडले नाही. अनोळखी माणूस बोलावतो ते समजते, पण जेवू का घालतो? मी दोन दिवस विचार केला आणि घरून पोळी-भाजी बांधून न्यायचे ठरवले. सुखवंताला सांगून ठेवले की पाच वाजेपर्यंत आलो नाही तर पोलिसांकडे जा. ती म्हणाली, पोलीस पाटील तर तुमच्यासोबतच जाऊन राहिली.

चेतनाबाईंच्या स्कूटीवर मागे बसून मी आयुष्यात पहिल्यांदा महामार्ग पाहिला असे म्हणावे लागेल, कारण एरवी बसमध्ये मी डोळे मिटून बसतो. ट्रक एवढे जवळून जातात की त्यांच्या मागे लिहिलेले पूर्ण वाचता येते. ढाब्याच्या मागे खरेच दुकान होते. आत जुने दरवाजे, कंदील, बैलांच्या घंटा, धान मोजायच्या पायल्या, एका देवळाचा दिसणारा पण देवळाचा नसणारा खांब, आणि त्या सगळ्याच्या मध्ये काळा चष्मा लावलेला एक बारीक माणूस. नंतर समजले, त्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. नाव मुन्ना सेठ. आम्ही त्याला घाबरत होतो आणि तो आम्हाला घाबरत होता. त्याने आधी आमची आधार कार्डे मागितली. माझ्या कार्डावरचा फोटो माझ्यासारखा दिसत नाही, त्यावर त्याने बराच वेळ घालवला.

वाटी त्याच्याकडे होती. फडक्यात गुंडाळलेली. मी बोटाने तळाचे भोक तपासले आणि माझे डोळे भरून आले (दुकानात धूळही खूप होती). सेठ सांगू लागला की नागपूरचा एक ग्राहक ही वाटी न्यायला तयार आहे, पण मोबाईलवर ते चित्र आले. "चोरी का माल मैं नहीं रखता. और जिसने दिया वह भी चोर नहीं है, घर की इज्जतदार औरत है. इसलिए आप दोनों को ही बुलाया." वस्तू घेताना तो देणाऱ्याचा फोटो काढून ठेवतो. तो फोटो त्याने दाखवला.

इंद्रकुमारजी, फोटोत कोण होते ते मी लिहीत नाही. एवढेच लिहितो की साडी ओळखीची होती. हिरवी, मोरपंखी काठाची. विहीण म्हणून आम्हीच मांडवात नेसवली होती.

चेतनाबाई "काकाजी, ह्या तं तुमच्या" एवढे बोलल्या आणि पायल्या मोजू लागल्या. सेठाने जे सांगितले ते मी रागाने नव्हे, तर आपल्याला माझी बाजू समजावी म्हणून लिहितो. त्या बाईंनी त्याला सांगितले होते की सून आंदणात भोकाचे भांडे घेऊन आली. घरी मामा पाहुणे आले, त्यांना त्याच वाटीत कढी वाढली, आणि मामा बोलत राहिले तोपर्यंत ती कढी मामांच्या पांढऱ्या पायजम्यात उतरली. व्याह्यांनी मुद्दाम दिले की चुकून, हे कोणाला विचारणार? म्हणून सेठाची गाडी दारावर आली तेव्हा वाटी देऊन दोन प्लास्टिकच्या खुर्च्या घेतल्या. तेव्हा माझ्या लक्षात आले की दिवाळीत मी आलो होतो तेव्हा मला लाल खुर्चीवर बसवले आणि कोणी फार बोलले नाही. मी घरी येऊन सुखवंताला म्हणालो होतो की आमगावची माणसे थोडी कमी बोलतात. आपण इतके महिने मनात काय धरून बसला होता, ते मला कोहमाऱ्याला, एका परक्या माणसाकडून कळले. आम्ही मुद्दाम फुटके दिले असे आपल्याला वाटले, आणि तरीही आमच्या रविताला आपण त्यावरून एक शब्द बोलला नाहीत. बोलला असतात तर तिने मला कळवले असते. त्यासाठी मी आपले आभार कसे मानू, मला पत्रात जमत नाही.

सेठाने वाटीच्या बदल्यात काही मागितले नाही. फक्त म्हणाला, ही चालते कशी ते दाखवा. बादली आली. मी वाटी पाण्यात सोडली. आम्ही तिघे स्टुलांवर बसून पाहत राहिलो. आपण कधी पाहिले आहे का? सुरुवातीला वाटते की काहीच होत नाही. पाणी आत एका दाण्याएवढे वर येते. माणूस बोलायचे थांबतो. बाहेर ट्रकांचे हॉर्न चालू होते, पण आमच्याकडे शांत होते. मला वाटले, एवढ्या वर्षांत गावाची किती भांडणे या भोकातून वाहून गेली असतील, आणि मी हे भांडे हातात असताना ते दुसऱ्या भांड्यांत मिसळू दिले. रविताच्या लग्नात सुखवंताने आंदणाच्या पितळेच्या घागरी, परात, वाट्या सगळे एका चादरीवर मांडले होते, हळद-कुंकू लावले होते. ही वाटीही मांडवातून उचलून कोणीतरी तिथेच ठेवली असणार. मग मला पक्के आठवत होते ते परत देणे? लाल चहा? तो थोरल्या मुलीच्या, रीताच्या, लग्नानंतरचा होता. नऊ वर्षांपूर्वीचा.

वाटी अर्धी भरली तेव्हा चेतनाबाई हळूच म्हणाल्या, "काकाजी, रविताचं आंदण ट्रॅक्टरवर कोणं चढवलं होतं?"

भोजराजांनी. ते आमच्या मांडवात तीन दिवस राबले. प्रत्येक भांडे त्यांच्याच हाताने वर गेले. स्वतः सांभाळलेली वाटी त्यांना ओळखू आली नसेल असे शक्यच नाही. वाटी बुडली, टप्प असा आवाज झाला, आणि सेठ टाळी वाजवून म्हणाला की अरे वा. आम्ही दोघांनी टाळी वाजवली नाही. नंतर त्याचे जेवण आले, वरण, भात, वांग्याची भाजी. मी माझे बांधून आणलेले सोडलेच नाही. त्याचेच जेवलो. चांगले होते.

घरी न जाता थेट भोजराजांकडे गेलो. ते गोठ्यात दोर वळत होते. मी वाटी समोर ठेवली. त्यांनी पाहिली आणि दोर वळत राहिले. मी विचारले, तुम्हाला माहीत होते तर काऊन नाही सांगितले?

"पोरीच्या आंदणातलं मागायचं असते काय, मनीरामजी? कुंकू लागून गेलेली वस्तू. मागितली असती तं तिच्या सासरी काय म्हटलं असतं?"

मी म्हणालो, मी तुम्हाला चोरासारखे तीनदा बोलावून विचारले.

"तीनदा पुसलं, तीनदा नाही म्हटलं," ते म्हणाले. "तुमाले आठवत नाही हे मले दिसून राहिलं होतं. आठवलं असतं तं तुम्ही लाजेनं मेले असते."

मग त्यांनी मला सांगितले की रविवारी एवढेच सांगा, वाटी दुकानात मिळाली. पोरीचे नाव काढू नका, व्याह्यांचे काढू नका. मी म्हणालो, मग लोक समजतील की दुकानात तुम्हीच विकली. ते म्हणाले, समजू द्या. पाणकरी गेली तर घरी बसेन, त्या पोरीला मी खांद्यावर घेऊन तलाव दाखवला आहे.

व्याहीबुवा, तेव्हापासून मला जेवण जात नाही. खरे सांगितले तर आपले घर चारचौघांत येते, खोटे सांगितले तर भोजराजांची पाणकरी जाते. मी चौथी शिकलेला माणूस, मला एवढे मोठे गणित सुटत नाही. म्हणून आपल्या परवानगीसाठी हे पत्र. आपण हो म्हटले तर मी बैठकीत सांगेन की वाटी माझ्या हातून आंदणात गेली, चूक फक्त माझी, पुढे जे झाले ते कोणाचीही चूक नाही, भोकाचे भांडे कोण घरात ठेवतो? शनिवारपर्यंत उत्तर यावे.

विहीणबाईंना नमस्कार, जावईबापूंना आणि रविताला आशीर्वाद. म्हैस व्याली की कळवावे.

आपला, बसल्या जागी काळजी करणारा व्याही,
मनीराम

ता. क. विहीणबाईंसाठी काशाची नवी वाटी घेतली आहे. पाणी भरून दिवसभर ठेवून पाहिली, एक थेंब गळाला नाही. कढी बिनधास्त वाढावी. मामांनाही.

ता. क. दुसरा, सोमवार. हे पत्र टाकायचे राहून गेले. शुक्रवारी पेटीपर्यंत गेलो होतो, पण आपण नाही म्हटले तर काय, या विचाराने परत आलो. शनिवारी पुन्हा गेलो, तर आज टाकून उत्तर कधी येणार, म्हणून परत आलो. तेव्हा वर मागितलेली परवानगी झालेल्या गोष्टीची आहे असे समजावे, कारण काल बैठक झाली आणि मी सगळे सांगून टाकले. आपले नाव घेतले नाही, फक्त "आमगावचे व्याही" म्हटले. पण माझे आमगावला दुसरे व्याही नाहीत हे गावाला माहीत आहे. कढीचे सांगायचे नव्हते. चेतनाबाई म्हणाल्या, साक्षीदाराने पूर्ण सांगावे, म्हणून सांगितले. लोक खूप हसले. मग हसणे थांबले आणि एकेक जण भोजराजांकडे पाहू लागला. त्यांची पाणकरी कायम झाली. ज्यांनी त्यांना बोल लावला होता त्यांनी उभे राहून माफी मागितली. मी सगळ्यात आधी मागितली. आपल्याला राग आला असेल तर तो माझ्यावर काढावा, आमच्या रविताला त्याचा वारा लागू देऊ नये, ही हात जोडून विनंती.

ता. क. तिसरा. हे खरे काम. भोजराज माझ्याशी बोलत नाहीत. आज सकाळी तुडुम उघडले. माझ्या बांधीची पाळी आली तेव्हा त्यांनी वाटी सोडली, बुडेपर्यंत उभे राहिले, एक थेंब कमी नाही, एक थेंब जास्त नाही, आणि माझ्याकडे न पाहता पुढच्या बांधीत गेले. चेतनाबाईंजवळ म्हणाले म्हणे, एवढे दिवस जे मी पोटात ठेवले ते याने पाळीवर उभे राहून सांडले, पोरीचा विचार केला नाही. पन्नास वर्षांत ते असे वागले नाहीत. मी दोनदा त्यांच्या घरी गेलो, त्यांनी चहा दिला, पण बोलले नाहीत. गावातला कोणी मध्ये पडला तर ते ऐकणार नाहीत. पण व्याह्यांचा शब्द ते मोडणार नाहीत. तेव्हा आपण आणि विहीणबाई रविताला घेऊन एक दिवस या. आमच्या घरी नंतर या, आधी त्यांच्याकडे जा. रविता सासरी नीट आहे, आपल्या मनात काही नाही, एवढे त्यांना दिसू द्या. बाकी ते बोलतील. माझ्याबद्दल काही सांगायची गरज नाही. मी बाहेर पाळीवर बसून राहीन, त्यांनी बोलावले तर आत येईन.